खुर्ची मिळाली तीच गहाण पडून: मॅकार्थी प्रकरण, २०२३

३ ऑक्टोबर २०२३. वॉशिंग्टनमधे दुपारचे पावणेपाच होत आलेले, आपल्याकडे रात्रीचे सव्वादोन. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो आणि बायको आतून दोनदा विचारून गेलेली की तुझं तिथे मतदान आहे का म्हणून. स्क्रीनवर अमेरिकेचं हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज, म्हणजे त्यांची लोकसभाच म्हणा. आर्कान्सासचे स्टीव्ह वोमॅक पीठासनावर उभे, त्यांनी आकडा वाचला, २१६ विरुद्ध २१०, स्पीकरचं पद रिकामं झालंय असं जाहीर केलं आणि हातोडा आपटला. ज्याचं पद गेलं तो केविन मॅकार्थी समोर बाकावरच बसलेला. अमेरिकेची काँग्रेस १७८९ पासून चालू आहे आणि एवढ्या वर्षांत सभागृहाने मतदान करून स्वतःच्याच स्पीकरला घरी बसवलं असं आधी एकदाही झालं नव्हतं.

आता गंमत बघा. त्या दिवशी मत दिलेल्या मॅकार्थीच्या पक्षातल्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षातल्या २१८ जणांपैकी २१० त्याच्या बाजूने होते. विरोधात फक्त ८. पक्षाचे ९६ टक्के लोक तुमच्यासोबत आहेत आणि तरी तुम्ही पडता, हे आपल्या डोक्यात पटकन बसत नाही. आपल्याकडे आठ जण फुटले तर व्हिप निघतो, अपात्रतेची नोटीस जाते, मग कोर्ट, मग तारखा, आणि तोपर्यंत टर्म संपत आलेली असते. तिथे दुपारी दीडच्या सुमाराला चालू झालेला खेळ पाचच्या आत संपला.

हे कसं झालं ते समजायचं तर ऑक्टोबरपासून नाही, जानेवारीपासून सुरुवात करावी लागते, कारण माझ्या मते हा माणूस ऑक्टोबरमधे पडला नाहीच, तो जानेवारीत निवडून येतानाच पडला होता, फक्त तारीख लागायची बाकी होती.

आधी तो स्पीकर म्हणजे कोण ते सांगतो. आपला लोकसभा अध्यक्ष निवडून आला की निदान कागदावर तरी पक्षापासून लांब होतो, तटस्थ वगैरे. अमेरिकेत असलं काही सोंग नाही. तिथला स्पीकर हाच बहुमतवाल्या पक्षाचा हाऊसमधला बॉस, कुठलं बिल कधी आणायचं, कुठलं दाबून ठेवायचं, कमिट्यांवर कोण बसणार, निवडणुकीचा पैसा कोण गोळा करणार, सगळं तोच बघतो. शिवाय राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघांनाही काही झालं तर पुढचा नंबर याचा. आणि त्याची निवड पक्षाच्या बैठकीत नाही तर भर सभागृहात होते, एकेका सदस्याचं नाव पुकारून.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ४३५ पैकी २२२ जागा मिळाल्या आणि डेमोक्रॅट्सना २१३. त्यातले व्हर्जिनियाचे डोनाल्ड मॅकईचिन हे डेमोक्रॅट निवडून आल्यावर नोव्हेंबरअखेर वारले, म्हणून पहिल्या दिवशी एकूण ४३४. बहुमताला २१८ हवेत. म्हणजे मॅकार्थीकडे चार मतांची ऐपत होती, चार जण रुसले तर चालेल, पाचवा रुसला की खलास. रुसले किती? १९.

३ जानेवारीला दुपारी बाराला सगळे जमले. मॅकार्थीने तोपर्यंत स्पीकरच्या ऑफिसात सामान हलवूनसुद्धा घेतलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मॅकार्थीच्याच पक्षाच्या, फ्लोरिडाच्या मॅट गेट्झने तर त्याच दिवशी कॅपिटॉलची इमारत सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला पत्रच लिहिलं की हा माणूस कुठल्या नियमाने त्या ऑफिसात बसलाय. हा गेट्झ लक्षात ठेवा.

पहिल्या फेरीत डेमोक्रॅट्सचे हकीम जेफ्रीज २१२, मॅकार्थी २०३, बाकीची १९ मतं इतरांना. बहुमत कुणालाच नाही म्हणून परत पुकारा. दुसऱ्या फेरीत परत २०३, तिसऱ्यात २०२, दुसऱ्या दिवशी तीनदा २०१. एकेक फेरी तासाभराची, कारण क्लार्क बाई (म्हणजे सभागृहाच्या सचिव) एकेक आडनाव वाचणार आणि तो सदस्य उठून मोठ्याने नाव घेणार. १९२३ नंतर पहिल्यांदाच स्पीकरची निवड पहिल्या फेरीत झाली नव्हती, आणि इतक्या फेऱ्या लागायला तर थेट १८६० पर्यंत मागे जावं लागतं, गुलामगिरीच्या भांडणाचा काळ.

आपल्याकडे नवी लोकसभा बसली की आधी प्रोटेम स्पीकर सगळ्यांना शपथ देतो आणि नंतर अध्यक्ष निवडतात. तिथे उलटं आहे, आधी स्पीकर आणि मग त्याने बाकीच्यांना शपथ द्यायची. म्हणजे स्पीकर नाही तर सदस्यच नाहीत, सदस्य नाहीत तर नियम मंजूर झालेले नाहीत, नियम नाहीत तर कमिट्या नाहीत. गुप्त माहितीच्या बैठकांना जायची परवानगी नाही म्हणून काही जण वैतागले, कारण कागदोपत्री ते अजून कुणीच नव्हते. शपथविधी बघायला आणलेली पोरंबाळं नवीन कपड्यांत पेंगुळलेली. कॅलिफोर्नियाचा एक खासदार चार महिन्यांचं बाळ छातीला बांधून मत देत होता.

यात आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदारही होते. मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या मतदारसंघातून डेमोक्रॅट म्हणून पहिल्यांदाच निवडून आलेले. मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस अमेरिकन काँग्रेसमधे, म्हणून मी मुद्दाम त्यांचं नाव ऐकायला थांबायचो, पण आडनाव टी वरून, त्यामुळे जवळपास सगळं सभागृह होऊन गेल्यावर त्यांचा नंबर. ठाणेदार म्हणाले जेफ्रीज, की चला, फेरी संपत आली. या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत ठाणेदार साहेब निवडून येऊनसुद्धा खासदार नव्हतेच, नुसते भावी.

एक चांगली गोष्ट मात्र झाली. एरवी सभागृहातले कॅमेरे नियमाने बांधलेले असतात, बोलणारा माणूस आणि पीठासन एवढंच दाखवायचं. आता नियमच नव्हते म्हणून संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीच्या कॅमेरावाल्यांना रान मोकळं मिळालं आणि त्यांनी मागच्या बाकांवरची कुजबुज, रुसवे, कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवतोय ते सगळं दाखवलं. डाव्या टोकाच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ कोर्टेझ आणि हा आपला गेट्झ गप्पा मारतायत असं दृश्य लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं. मी तर म्हणतो तेवढ्या चार दिवसांत अमेरिकन संसद जेवढी कळली तेवढी एरवी वर्षभरात कळत नाही.

या चार दिवसांत मॅकार्थी काय करत होता? देत होता. मागाल ते देत होता. रुसलेल्यांना रूल्स कमिटीत, म्हणजे बिल चर्चेला कसं यायचं ते ठरवणाऱ्या समितीत, जागा पाहिजेत, दिल्या. बिल सदस्यांच्या हातात ७२ तास आधी पाहिजे, मान्य. बजेटची बाराही बिलं वेगवेगळी आणून मंजूर करायची, एकाच गठ्ठ्यात नाही, मान्य. खर्च आधीच्या वर्षाच्या पातळीवर आणायचा, मान्य. आणि सगळ्यात शेवटी ती एक अट: स्पीकरला हटवायचा ठराव एकट्या सदस्यालाही मांडता आला पाहिजे. याला तिथे मोशन टू व्हेकेट म्हणतात, खुर्ची रिकामी करा ठराव.

हा अधिकार नवा नव्हता, जुनाच होता. १९१० मधे जो कॅनन नावाच्या दांडगट स्पीकरने स्वतःच आव्हान दिलं होतं की हिंमत असेल तर हटवा, आणि तो टिकला. २०१५ मधे स्पीकर जॉन बेनरविरुद्ध त्याच्याच पक्षाच्या मार्क मेडोजने असाच ठराव टाकला, त्यावर मतदान झालंच नाही पण दोनेक महिन्यांत बेनरने कंटाळून राजीनामा जाहीर केला. ते बघून २०१९ मधे डेमोक्रॅट स्पीकर नॅन्सी पलोसीने शहाणपणाने नियम बदलला की एकट्यादुकट्याने नाही, पक्षाच्या बहुमताने सांगितलं तरच असा ठराव येणार. मॅकार्थी आधी म्हणाला पाच जणांची अट ठेवू. ते म्हणाले एक. शेवटी एक. म्हणजे घर घ्यायचं म्हणून कर्ज काढलं आणि कर्जासाठी तेच घर लिहून दिलं, वर कुठल्याही एका सावकाराने दार वाजवलं की बाहेर पडायचं.

शुक्रवार ६ जानेवारी, रात्रीची चौदावी फेरी. आपल्याकडे शनिवारची सकाळ, पोह्यांची प्लेट हातात. मॅकार्थीला वाटलं जमलं. खांद्याचं ऑपरेशन करून डेमोक्रॅट डेव्हिड ट्रोन हात गळ्यात अडकवून परत आलेले, गावी गेलेले दोन रिपब्लिकन विमानाने परत आणलेले. सगळं होऊन शेवटी गेट्झचं मत राहिलं आणि तो म्हणाला, हजर. कुणाच्याच नावाने नाही, नुसतं हजर. मॅकार्थी २१६, पाहिजेत २१७. एक मत. मॅकार्थी उठून स्वतः गेट्झच्या बाकापाशी गेला, बोलला, चेहरा पाडून परत आला. मग अलाबामाचे माईक रॉजर्स तावातावाने गेट्झच्या अंगावर गेले आणि मागून एका सहकाऱ्याने त्यांना थोबाडाला धरून मागे ओढलं. हे सगळं लाईव्ह, मोकाट कॅमेऱ्यांवर. मॅकार्थीच्या बाजूची खासदार मार्जोरी टेलर ग्रीन दुसऱ्या एका रुसलेल्याच्या तोंडासमोर फोन धरत होती, स्क्रीनवर दोनच अक्षरं, डी टी, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. तो हात झटकत होता.

मग रिपब्लिकननीच सोमवारपर्यंत तहकुबीचा ठराव आणला, त्यावर मतदान चालू असतानाच काहीतरी ठरलं आणि मॅकार्थी स्वतःचं मत फिरवायला पुढे धावला. पंधराव्या फेरीत राहिलेले सहाही रुसलेले म्हणाले, हजर. इथे जरा गणित बघा कारण यातच मेख आहे. स्पीकरला एकूण सदस्यांचं बहुमत लागत नाही, ज्यांनी कुणाचं तरी नाव घेतलं त्यांच्या निम्म्याच्या वर लागतं. हजर म्हणणारे मोजणीतून बाहेर. म्हणून एकूण ४२८ धरले, निम्मे २१४, पाहिजेत २१५, मॅकार्थीला २१६. आधीच्या फेरीत २१६ ला हरला आणि या फेरीत २१६ लाच जिंकला. मध्यरात्र उलटून गेलेली, ७ जानेवारी उजाडलेली. म्हणजे त्या सहा जणांनी त्याला मत दिलंच नाही, फक्त रस्त्यातून बाजूला झाले. ते सहा म्हणजे गेट्झ, बिग्ज, क्रेन, गुड, रोझेनडेल आणि लॉरेन बोबर्ट. यातले पाच जण ऑक्टोबरच्या आठांत आहेत. बोबर्ट बाईंनी तेवढं शेवटी मॅकार्थीच्या बाजूने मत दिलं.

तुम्ही म्हणाल, पण पक्ष काय झोपला होता का, काढून टाकायचं ना गेट्झला. इथेच आपली आणि त्यांची रचना वेगळी पडते. आपल्याकडे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते, आणि तिकीट हायकमांड देतं. अमेरिकेत व्हिप हा शब्द आहे पण तो नुसता समजूत घालणारा माणूस, मत विरोधात दिलं म्हणून कुणाची जागा जात नाही. आणि तिकीट पक्षाचा बॉस देतच नाही, ते मतदारसंघातले लोक प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत ठरवतात. गेट्झचा मतदारसंघ फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला पेन्साकोलाकडचा, कट्टर रिपब्लिकन. तिथे वॉशिंग्टनच्या साहेबाशी भांडून आलेला माणूस हिरो ठरतो. मॅकार्थी त्याचं काय वाकडं करणार होता? कमिटी काढून घेईल, फंड देणार नाही. गेट्झने आधीच सांगून टाकलं होतं की बड्या कंपन्यांच्या कमिट्यांचा फंड मी घेतच नाही.

बरं, आता खरं दुखणं. हाऊस रिपब्लिकनकडे, पण सेनेट, म्हणजे त्यांचं वरचं सभागृह, डेमोक्रॅट्सकडे ५१ विरुद्ध ४९, आणि राष्ट्राध्यक्ष बायडेन. कुठलाही कायदा व्हायचा तर तिघांचं जमलं पाहिजे. आणि पैशाचे कायदे टाळता येत नाहीत, कारण त्यांच्या घटनेत लिहिलंय की काँग्रेसने कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून दमडी निघणार नाही. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला चालू होतं, तोवर मंजुरी नाही झाली तर सरकारी ऑफिसं बंद, कर्मचारी बिनपगारी घरी, त्याला शटडाऊन म्हणतात. आपल्याकडे सभागृहाने बजेट पाडलं की सरकारच पडतं, त्यामुळे असा पेच फार काळ राहूच शकत नाही, काहीतरी निकाल लागतो. तिथे कुणीच पडत नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, सेनेटर सहा, हाऊसवाले दोन, सगळ्यांची मुदत पक्की. राष्ट्राध्यक्षाला काढायचं तर महाभियोग आणि सेनेटमधे दोन तृतीयांश मतं. मग राग काढायचा कुणावर? अख्ख्या त्या व्यवस्थेत साध्या बहुमताने एका दुपारी पाडता येईल अशी मोठी खुर्ची एकच, स्पीकरची. सगळं खापर तिच्यावरच फुटणार.

त्यामुळे मॅकार्थीची अवस्था अशी की कायदा करायचा तर डेमोक्रॅट लागणार आणि डेमोक्रॅट सोबत घेतले की आपलेच म्हणणार गद्दार. (हा शब्द आपल्याकडे २०२२ नंतर जरा स्वस्त झालाय, पण इथे नेमका बसतो.)

पहिला फटका डेट सीलिंगचा. सरकारने किती कर्ज उचलायचं त्याची मर्यादा कायद्याने ठरलेली असते, ती ३१.४ ट्रिलियन डॉलर, जानेवारी २०२३ मधेच भरली. अर्थखात्याने इकडचं तिकडे करत जूनपर्यंत ढकललं, पुढे देणी थकणार होती. मॅकार्थीने आधी एप्रिलमधे स्वतःच्या पक्षाचं बिल २१७ विरुद्ध २१५ असं कसंबसं पास केलं, मग त्या जोरावर बायडेनशी बसून तडजोड केली, आणि ३१ मे ला ती ३१४ विरुद्ध ११७ ने पास झाली. ऐकायला छान, पण आकडा फोडून बघा, बाजूने १४९ रिपब्लिकन आणि १६५ डेमोक्रॅट. रिपब्लिकन स्पीकरच्या सगळ्यात महत्त्वाच्या बिलाला जास्त मतं समोरच्या पक्षाची. माझ्या हिशोबाने त्या रात्री नोटीस निघाली.

आठवडा व्हायच्या आत कट्टरवाल्यांनी दाखवून दिलं. कुठलंही मोठं बिल चर्चेला यायच्या आधी तिथे एक छोटा ठराव पास करावा लागतो, किती तास बोलायचं, कुठल्या दुरुस्त्या घ्यायच्या वगैरे, त्याला रूल म्हणतात. बहुमतवाला पक्ष यावर डोळे मिटून होय म्हणतो, घरचं काम असल्यासारखं. ६ जूनला गॅसच्या शेगड्या वाचवायच्या बिलाचा रूल यांनी पाडला, २०६ विरुद्ध २२०. गॅसच्या शेगड्यांबद्दल या लोकांना काही राग नव्हता, उलट शेगड्या त्यांच्याच लाडक्या. पण मुद्दा असा की तुझं सभागृह आम्ही ठप्प करू शकतो. २००२ नंतर कुठल्याही बहुमताने स्वतःचा रूल हरला नव्हता.

सप्टेंबरात हेच परत, आणि जास्त वाईट. सैन्याच्या खर्चाच्या बिलाचा रूल तीन दिवसांत दोनदा पडला. मधे मॅकार्थीने बायडेनविरुद्ध महाभियोगाची चौकशी जाहीर करून टाकली, कट्टरवाले खूश होतील म्हणून. नाही झाले. २९ सप्टेंबरला त्याने तात्पुरत्या खर्चाचं बिल आणलं, त्यात कपात आणि सीमेचे कडक नियम, सगळं त्यांच्याच आवडीचं, तरी २१ रिपब्लिकननी विरोधात मत देऊन ते पाडलं. उरला एक दिवस.

३० सप्टेंबर, शनिवार. सकाळी मॅकार्थीने पवित्रा बदलला आणि साधं बिल काढलं, ४५ दिवस आहे तेवढाच खर्च चालू, आपत्तीग्रस्तांना पैसे, युक्रेनला काही नाही. रूलच्या वाटेने गेला असता तर परत पडला असता, म्हणून दुसरी वाट, ज्यात रूल लागत नाही पण दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे डेमोक्रॅट्सशिवाय शक्यच नाही. डेमोक्रॅट्सना ७१ पानं अचानक मिळालेली, वाचायला वेळ पाहिजे म्हणून जेफ्रीज उठून पाऊण तासाच्या वर बोलत बसले (नेत्याला एक मिनिट मिळतं पण ते कितीही लांबवता येतं, हा त्यांचा जुना रिवाज), आणि त्याच गडबडीत एका डेमोक्रॅट खासदाराने शेजारच्या इमारतीत फायर अलार्म ओढला, नंतर कोर्टात गुन्हा कबूल करून हजार डॉलर दंड भरला. दुपारी बिल पास, ३३५ विरुद्ध ९१. रात्री सेनेट ८८ विरुद्ध ९, मध्यरात्रीच्या आत बायडेनची सही. शटडाऊन टळला. बाजूने डेमोक्रॅट २०९, रिपब्लिकन १२६.

सोमवारी संध्याकाळी गेट्झने स्पीकरला हटवायचा तो ठराव टाकला. मॅकार्थीने एक्सवर लिहिलं, आण. गेट्झने उत्तर दिलं, आणलाच. एवढाच संवाद.

मंगळवारी आधी ठराव बाजूला ठेवायचा प्रयत्न झाला तो २०८ विरुद्ध २१८ असा फसला, मग एक तास चर्चा. रिपब्लिकन बाजूच्या टेबलावरून बोलू देईनात म्हणून गेट्झ डेमोक्रॅट्सच्या बाजूला जाऊन बोलला आणि स्वतःच्याच पक्षाच्या लोकांच्या शिव्याशाप ऐकत उभा राहिला. ओक्लाहोमाचे टॉम कोल म्हणजे पक्षातले सभ्य ज्येष्ठ, त्यांनी मॅकार्थीची बाजू मांडली. मॅकार्थीचं म्हणणं होतं की गेट्झविरुद्ध हाऊसच्या एथिक्स कमिटीची चौकशी चालू आहे आणि ती मी थांबवली नाही हा त्याचा खरा राग, गेट्झने ते नाकारलं. कुणाच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवू, मतं आठच होती.

आणि इथे लोक नेहमी विचारतात की डेमोक्रॅट्सनी का नाही वाचवलं, तीन दिवस आधी तर याच माणसाने त्यांच्या मतांवर सरकार वाचवलं होतं. सहा जण हजर म्हणाले असते तरी भागलं असतं. पण त्यांच्या बाजूने बघा. मे महिन्यात बायडेनशी खर्चाचा आकडा ठरवला आणि कट्टरवाल्यांनी डोळे वटारले की त्याच्याही खाली जायचं म्हणाला. महाभियोगाची चौकशी मतदान न घेता स्वतःच जाहीर केली. आणि कळस म्हणजे शनिवारी डेमोक्रॅट्सच्या मतांवर बिल पास करून रविवारी सकाळी टीव्हीवर जाऊन म्हणाला की डेमोक्रॅट्सना शटडाऊन पाहिजे होता. मंगळवारी सकाळी डेमोक्रॅट्सच्या बंद दाराआडच्या बैठकीत ती क्लिप लावली गेली. मॅकार्थीने त्यांना काही द्यायची तयारीही दाखवली नाही, मागायला गेलाच नाही. जानेवारीत वीस जणांना मागाल ते देणारा माणूस ऑक्टोबरमधे दोनशे आठ जणांना काहीच द्यायला तयार नव्हता. याचं कारण परत तेच, दिलं असतं तर आठाचे ऐंशी झाले असते.

पुढचे २२ दिवस हाऊस बंद पडल्यात जमा. उपाध्यक्ष नावाचं पद तिथल्या हाऊसला नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर एक सोय केली होती की स्पीकरने गुपचूप एक यादी क्लार्ककडे देऊन ठेवायची, पद रिकामं झालं तर यादीतला पहिला हंगामी बसेल. त्या यादीत पहिलं नाव मॅकार्थीचा दोस्त पॅट्रिक मॅकहेन्री, बो टाय लावणारा. बसल्या बसल्या त्याने हातोडा असा काही आपटला की त्याचीच क्लिप फिरत राहिली. पण आपण फक्त नवीन स्पीकर निवडून घ्यायला बसलोय असा अर्थ त्याने काढला, कुठलंही बिल घेतलं नाही. आपल्या विधानसभेत फेब्रुवारी २०२१ ला नाना पटोलेंनी राजीनामा दिल्यावर जुलै २०२२ पर्यंत अध्यक्षच नव्हता, सतरा महिने, आणि नरहरी झिरवाळांनी उपाध्यक्ष म्हणून कामकाज ओढलं. तिथे २२ दिवसांत हाय खाल्ली, कारण मधे ७ ऑक्टोबरला इस्रायलवर हमासचा हल्ला झाला आणि हाऊसला साधा निषेधाचा ठरावसुद्धा करता येईना.

उमेदवारांचं तर हसंच झालं. आधी स्टीव्ह स्कॅलिस, पक्षात ११३ विरुद्ध ९९ जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी माघार. मग जिम जॉर्डन, सभागृहात तीनदा उभा राहिला, २००, १९९, १९४, उतरती भाजणी. त्याला पाडणारे मवाळ होते, म्हणजे आठांची विद्या आता विसांनी उचलली. मग टॉम एमर, दुपारी निवडला, ट्रम्पने विरोधात पोस्ट टाकली, संध्याकाळच्या आत बाहेर. शेवटी २५ ऑक्टोबरला लुईझियानाचा माईक जॉन्सन २२० विरुद्ध २०९ ने आला, अमेरिकेतल्या लोकांनासुद्धा हा कोण म्हणून गुगल करावं लागलं असेल. आणि नोव्हेंबरमधे या जॉन्सनने काय केलं? तात्पुरत्या खर्चाचं साधं बिल, दोन तृतीयांशवाली वाट, डेमोक्रॅट्सची मतं जास्त. मॅकार्थीला ज्याच्यासाठी काढलं तेच, जसंच्या तसं. यावेळी कुणी ठराव टाकला नाही, तीन आठवड्यांची नाचक्की ताजी होती.

मे २०२४ मधे मार्जोरी टेलर ग्रीनने जॉन्सनविरुद्ध टाकला, तेव्हा डेमोक्रॅट्सनीच रिपब्लिकनसोबत तो ३५९ विरुद्ध ४३ असा बाजूला सारला. मॅकार्थीने डिसेंबर २०२३ मधेच खासदारकी सोडली. गेट्झनेही पुढे नोव्हेंबर २०२४ मधे राजीनामा दिला.

जानेवारी २०२५ मधे नवीन हाऊस बसलं तेव्हा रिपब्लिकननी नियम बदलला. आता स्पीकरला हटवायचा ठराव एकट्याला मांडता येत नाही, बहुमतवाल्या पक्षाचेच सदस्य लागतात, मांडणारा एक आणि त्याला पाठिंबा देणारे आठ. एकूण नऊ. मॅकार्थीला पाडायला आठ लागले होते.